पॉशचं तिकीट आणि टी-शर्टचं फडकं

माझ्या भाच्याकडे एक काळा टी-शर्ट होता, छातीवर सोनेरी अक्षरांत ‘स्वॅग’ छापलेला. होता म्हणायचं, कारण गेल्या रविवारी माझ्या आईने त्याचे दोन तुकडे करून फरशी पुसायला घेतले. पोरगा आठवीत आहे. रडला नाही, पण जेवलाही नाही. आईला कारण विचारलं तर तिने फोनच माझ्यापुढे धरला. घरच्या ग्रुपवर नानांनी (वडिलांचे धाकटे भाऊ, निवृत्तीनंतर पूर्णवेळ फॉरवर्ड खातं सांभाळतात) मेसेज टाकला होता: ‘इंग्रजांनी लपवलेले अर्थ! वाचा आणि मुलांना सावध करा!!’

मेसेजात थाटामाटाचे, ऐट मिरवण्याचे चार इंग्रजी शब्द आहेत. ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, मुंबईला येणाऱ्या साहेबाच्या बोटीच्या तिकिटावरचा शिक्का. ‘स्नॉब’ म्हणजे लॅटिन ‘सिने नोबिलिताते’, खानदान नसलेला, असा केंब्रिजच्या रजिस्टरातला शेरा. ‘रिट्झी’ हा रिट्झ नावाच्या सरदारावरून आला. आणि ‘स्वॅग’ म्हणजे ‘सीक्रेटली वी आर गे’, १९६०च्या दशकात समलिंगी पुरुषांनी एकमेकांना ओळखायला काढलेली खूण.

शेवटचा शब्द आधी घेते, कारण टी-शर्ट त्याच्यापायी गेला.

‘स्वॅग’ हा शब्द शेकडो वर्षं जुना आहे. मूळ बहुधा स्कँडिनेव्हियन भाषांतलं. फुगलेली, लोंबणारी पिशवी असा त्याचा जुना अर्थ. पुढे चोरांच्या बोलीत तो लुटीच्या मालाला लागला, ऑस्ट्रेलियात भटक्या मजुराच्या पाठीवरच्या वळकटीला लागला. त्याच घराण्यातलं दिसणारं ‘स्वॅगर’ हे क्रियापद, म्हणजे छाती काढून मिरवणं, शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये सापडतं. साल साधारण १५९५-९६. जंगलात नाटकाची तालीम करायला आलेल्या विणकर-सुतारांना पाहून पक नावाचा खट्याळ यक्ष म्हणतो, हे कोण गावठी इथे मिरवतायत? आजचा टी-शर्टावरचा स्वॅग या स्वॅगरचा आखूड अवतार आहे, अमेरिकी रॅप गायकांनी गाजवलेला. आद्याक्षरांची जुळणी नंतर कुणीतरी हौसेने केलेली. याच शब्दाची ‘स्टफ वी ऑल गेट’ अशीही फोड फिरते. एकाच शब्दाला दोन-दोन ‘फुल फॉर्म’ निघाले की समजावं, दोन्ही घरी बसून केलेत.

आणि नाना, एक साधी गोष्ट. जी गोष्ट गुपित ठेवायची, ती सोनेरी अक्षरांत छातीवर छापून कोण फिरेल?

व्युत्पत्ती चुकली, एक वेळ सोडून दिलं असतं. पण हा मेसेज चालतो तो ‘गे’ शब्दाची शिसारी यावी याच भरवशावर. ती नसती तर ‘मुलांना सावध करा’ला काही अर्थच उरत नाही. सावध कशापासून? भाच्याने नंतर हळूच सांगितलं की हा मेसेज त्याच्या वर्गात आधीच पोचला होता, आणि स्वॅगची टोपी घालणाऱ्या एका मुलाला पोरांनी इतकं छळलं की त्याने टोपी आणणंच बंद केलं. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. आमच्या ग्रुपवर तो निकाल कुणी फॉरवर्ड केल्याचं मला आठवत नाही.

आता पॉश. ही कथा इतकी ऐटबाज आहे की ती खोटी असल्याचं मलाही वाईट वाटतं. विलायतेहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू (पोर्ट) उत्तरेला, म्हणजे सावलीची. परतताना उजवी (स्टारबोर्ड). श्रीमंत साहेब जास्त पैसे मोजून दोन्ही वेळा सावलीतली केबिन घेणार, आणि पी अँड ओ कंपनी त्याच्या तिकिटावर जांभळ्या शाईत पी-ओ-एस-एच असा शिक्का मारणार. बॅलार्ड पिअर डोळ्यांपुढे उभं राहतं, सोबत ट्रंका आणि हॅट घातलेल्या मडमा.

यातलं अर्धं मान्य. भूगोल बरोबर आहे. बोटींवर एसी नव्हते, तांबड्या समुद्रात केबिनची भट्टी व्हायची, आणि सावलीची केबिन मिळावी म्हणून माणसं धडपडत असणार, ते कुणीही धडपडेल. पण शिक्क्याचं काय? तसं एकही तिकीट आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही. लोकांनी आजोबांची पत्रं जपली, मेन्यूकार्डं जपली, आणि हे एवढं एकच तिकीट नेमकं सगळ्यांच्या घरातून हरवलं?

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ ही शब्दांचे जन्मदाखले ठेवणारी जागा. तिच्यात ‘पॉश’ या विशेषणाची पहिली छापील नोंद १९१४ची आहे, आणि ती बोटीवरची नाही, घोडदळातली आहे. घोडेस्वार शिपाई सरकारी गणवेशापेक्षा भारी, आपल्या पैशाचे कपडे घालून मिरवायचे, त्या कपड्यांना ‘पॉश’ म्हणत. ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकातल्या १९१८च्या एका व्यंगचित्रात तरुण अधिकारी आईशी बोलताना हा शब्द वापरतो आणि आईला तो समजावून सांगावा लागतो. पॉश तिकिटावर फिरणाऱ्या वर्गातल्या बाईला पॉश माहीत नाही! बोटीची गोष्ट मात्र छापून आलेली दिसते ती थेट १९३५मध्ये, लंडनच्या ‘टाइम्स’च्या साहित्य पुरवणीला आलेल्या एका पत्रात. शब्द आधी, गोष्ट किमान एकवीस वर्षांनी. नातवाने आजोबांचं बारसं जेवावं तसं हे.

शिवाय आद्याक्षरं जोडून बोलायचा शब्द बनवणं ही मुख्यतः विसाव्या शतकाची खोड. त्याआधीच्या शब्दाला कुणी फुल फॉर्म चिकटवला की खिसा सांभाळा. आपल्याकडे खऱ्याखुऱ्या आद्याक्षरांचं एकच पॉश आहे, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याचं. त्याच्या ट्रेनिंगला आमच्या ऑफिसात निम्मी मंडळी फोनवर असतात. बहुधा फॉरवर्डच वाचत असावीत.

स्नॉबवर फार वेळ घालवत नाही. अठराव्या शतकात स्नॉब म्हणजे चांभार. मग केंब्रिजचे विद्यार्थी गावातल्या, विद्यापीठाबाहेरच्या माणसांना स्नॉब म्हणू लागले, आणि आज ज्याला आपण ‘स्वतःला फार शहाणा समजतो’ म्हणतो तो अर्थ त्यानंतरचा. विद्यापीठाच्या रजिस्टरात नावापुढे लॅटिन शेरा मारायचे वगैरे सगळी पुढची कशिदाकारी. केंब्रिजचा उल्लेख आहे म्हणून मेसेजाला चार आणे देते.

रिट्झीला आठ आणे, कारण तो खरंच माणसाच्या नावावरून आला. फक्त तो सरदार नव्हता. सेझार रिट्झ स्वित्झर्लंडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचं तेरावं मूल. हॉटेलांत वेटर म्हणून राबून वर आला, १८९८मध्ये पॅरिसला आणि १९०६मध्ये लंडनला त्याच्या नावाची हॉटेलं उघडली. खरी गोष्ट नानांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी रुबाबदार आहे, पण तीत सरदार नाही ना, मग फॉरवर्ड कोण करणार!

मग पॉश आला कुठून? ठाम उत्तर कुणाकडे नाही. एक शक्यता अशी: एकोणिसाव्या शतकातल्या चोरबोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, आधी किरकोळ नाणं, अर्धी पेनी. तो बहुधा रोमानी लोकांच्या भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. रोमानी भाषा मूळची आपल्याकडची, आणि तो शब्द संस्कृत ‘पार्श्व’ म्हणजे बाजू याच्याशी जोडतात. त्याच पार्श्वातून मराठीत ‘माझ्यापाशी’मधलं ‘पाशी’ आलं. पण पैशाचा पॉश आणि ऐटीचा पॉश एकच का, हे सिद्ध झालेलं नाही. सिद्ध झालेलं नाही, नाना.

हे लिहिलं खरं, आणि आता माझ्याच पोटात गोळा आलाय. जगभरच्या नावांत संस्कृत शोधणाऱ्या पु. ना. ओकांनी व्हॅटिकनची वाटिका केली, तिथे पॉशचं पाशी व्हायला किती वेळ लागणार? परवापर्यंत ‘पॉश हा मूळचा मराठी शब्द! अभिमानाने शेअर करा!!’ असा मेसेज ग्रुपवर येईल, आणि खाली आई हात जोडलेले तीन इमोजी टाकेल.