इंटरप्रिटर एकीकडे, लायब्ररी भलतीकडे

दोन दिवस गेले. एक ओळ कोड लिहिला नाही. सगळा वेळ गेला सीमेकला, म्हणजे सी/सी++ कोडच्या बिल्डची तयारी करणाऱ्या टूलला, हे पटवण्यात की मला पायथन ३.११ हवाय, आणि सगळाच्या सगळा ३.११ हवाय.

कॉन्फिगर केलं की वर दिसतं: इंटरप्रिटर (पायथन कोड चालवणारा प्रोग्रॅम) सापडला, ३.११, माझ्याच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला, म्हणजे प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनमधला. जीव भांड्यात पडतो. चार ओळी खाली पायथनची लायब्ररी आणि हेडर (कंपाइल करताना लागणाऱ्या फाइली), दोन्ही सिस्टीमचे, ३.८! तरी एरर नाही. बिल्ड शंभर टक्के पूर्ण. तयार झालेलं पायथनमध्ये इम्पोर्ट केलं की सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रॅम थेट कोसळतो. अरे, दोन्ही आकडे तूच छापलेस ना? मग तिथेच थांबायला काय झालं होतं?

आणि याचं कारण काय, तर सीमेकमध्ये इंटरप्रिटर शोधणारं मॉड्यूल वेगळं, लायब्ररी शोधणारं वेगळं, आणि एकाला काय सापडलं याच्याशी दुसऱ्याला बांधून ठेवणारं काही नाही. ही जोडी सीमेक ३.१२ मध्ये, म्हणजे २०१८ लाच, कालबाह्य ठरली. दोन्ही एकत्र शोधणारं नवं मॉड्यूल तेव्हाच आलं. तरी प्रोजेक्टांमध्ये त्या जुन्या दोन ओळी तशाच पडून आहेत, कुणी हात लावत नाही.

बरं, पाथ हाताने द्यावा, तर जुन्या मॉड्यूलला व्हेरिएबलमधलं 'पायथन' सगळं कॅपिटल लागतं, नव्याला फक्त पहिलं अक्षर. चुकलात तर शेवटी एक वॉर्निंग, की दिलेलं व्हेरिएबल वापरलंच नाही. शेकडो ओळींच्या तळाशी ती कोण वाचतं? नाव बरोबर दिलं तरी सीमेकच्या कॅश फाइलमध्ये, जिथे तो मागच्या वेळी सापडलेलं जपून ठेवतो, जुन्या लायब्ररीचा पाथ चिकटून बसलेला असतो. ती नोंद बदलल्याशिवाय किंवा कॅशच उडवल्याशिवाय तो हलत नाही. हे कळायला माझी एक रात्र गेली.

खरा संताप याचा आहे की उत्तर त्या इंटरप्रिटरकडेच असतं. त्याच्यातल्या सिसकॉन्फिगला (पायथनची स्वतःची माहिती देणाऱ्या मॉड्यूलला) विचारा, हेडर कुठे आहेत ते तो एका ओळीत सांगतो. आणि लिनक्सवर साध्या एक्स्टेन्शन मॉड्यूलला (पायथनमध्ये इम्पोर्ट होणाऱ्या सी/सी++ कोडला) पायथनची लायब्ररी लिंक करावीच लागत नाही! त्यासाठी सीमेक ३.१८ पासून वेगळा कंपोनंटही आहे. म्हणजे जी लायब्ररी शोधताना घोळ झाला, ती मुळात लागतच नव्हती.

प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांनो, त्या दोन ओळी आजच्या आज काढा. आणि आकडे जुळत नसतील तर बिल्ड तिथेच पाडा.