सहा बोटांची राजकन्या

साताऱ्याहून कुणी टेक्सासला आलं की आम्ही त्यांना मेक्सिकन हॉटेलात नेतो. राजमा-भाताच्या जवळपासचं काहीतरी मिळतं. बीन्समध्ये डुकराची चरबी नाही ना, तेवढं आधी विचारून घ्यायचं. भिंतीवर काय आहे ते कोण विचारतं?

सासूबाईंच्या वाट्याला नेमकी सांगाड्याच्या चित्रासमोरची खुर्ची आली. फुलापिसांची भलीमोठी टोपी आणि सगळी बत्तिशी बाहेर.

"जेवताना समोर हे?"

मी सुरू झाले. ही कात्रीना. टोप्या घालून बडेजाव मिरवणाऱ्यांची टर उडवायला पोसादा या मेक्सिकन चित्रकारानं १९१०च्या सुमारास हिचं नुसतं मुंडकं चितारलं. पुढे दिएगो रिवेरा या चित्रकारानं १९४७च्या भित्तिचित्रात तिला धड आणि झगा दिला.

"म्हणजे इतकी वर्षं बाई नुसत्या डोक्यावर?"

जागा बदलली. इथे उघडाबंब योद्धा आणि त्याच्यापुढे निपचित पडलेली राजकन्या. तो लढाईत मेल्याची खोटी बातमी ऐकून तिनं प्राण सोडला. पुढे दोघांचे डोंगर झाले. त्यातला पोपोकातेपेत्ल अजून धुमसतो. एल्गेरा या मेक्सिकन चित्रकारानं १९४० मध्ये काढलेलं याचं मूळ चित्र कॅलेंडरांवरून घरोघरी गेलं, आपल्याकडे किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर लक्ष्मी असते तसं.

"ते असू दे. खोटा निरोप देणाऱ्याचं पुढे काय केलं?"

मला ठाऊक नव्हतं. एव्हाना नवऱ्यानं चिप्सची टोपली एकट्यानं संपवली होती. आई त्याची, पण भिंत माझ्या गळ्यात.

"अगं, हे तर घायपात! आपल्या बांधावरचं!" भिंतीवरचं झाड बघून सासूबाई पहिल्यांदाच खूश झाल्या. याच्याच एका भाईबंदाच्या रसाची मेक्सिकोत पुलके नावाची दारू करतात, हे मी सांगायला नको होतं. तिच्या गुत्त्यांच्या भिंतीही अशाच रंगवत. १९४३ मध्ये चित्रकार फ्रिडा काहलोच्या विद्यार्थ्यांनी मेक्सिको सिटीच्या कोयोआकान भागातला 'ला रोसिता' हा गुत्ता रंगवला, हे तर मुळीच नको होतं.

"शिकवणीची पोरं? गुत्त्यात?"

एन्चिलाडा आले. मी घास उचलला, तर त्या पुन्हा राजकन्येकडे वळलेल्या.

"हिला सहा बोटं आहेत."

मोजली. होती. वाढणारा हसला. म्हणाला, चित्र मालकाच्या मेहुण्यानं काढलंय. मी मराठीत सांगितलं.

"मेहुणा होय!" सासूबाईंनी ताट पुढे ओढलं. "मग मालक तरी काय बोलणार बिचारा."