कैलास लेणं एलियननी कोरलं म्हणणाऱ्या रीलला वेरूळच्या शेजाऱ्याचं उत्तर

गेल्या महिन्याभरात ती रील मला सात जणांनी पाठवली, त्यातले एक तर आमचे शाळेतले गणिताचे सर, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू. तुम्हीपण बघितलीच असणार. कैलास लेण्यावरून ड्रोन फिरायलाय, मागं धडधड म्युझिक आणि तो मशीनचा घोगरा आवाज, "थांबा! हे माणसानं बनवलेलंच नाही." मग साठ सेकंदात सगळा माल: 4 लाख टन दगड 18 वर्षांत काढणं अशक्य, तो दगड गेला कुठं पत्ता नाही, बांधणाऱ्याचं नाव कुठंच नाही, औरंगजेबाची हजार माणसं तीन वर्षं घण मारून थकली, छतावरची नक्षी फक्त आकाशातून दिसते, आणि खाली एक शहर हाय जे सरकारनं बंद करून ठेवलंय.

माझं गाव खुलताबाद तालुक्यात, पाहुणे आले की वेरूळ दाखवायचं काम माझ्याकडंच. आणि माझा भाचा असल्याच गूढ रील बनवतो, त्यामुळं हा माल शिजतो कसा तेपण बघितलंय. इंग्रजी व्हिडिओ घ्यायचा, एआयकडून मराठी स्क्रिप्ट करून घ्यायची, आवाजपण त्याचाच लावायचा, पहिल्या तीन सेकंदात "थांबा" पाहिजे नाहीतर लोक अंगठा सरकवतात. आणि सगळ्यात मेन म्हणजे उत्तर द्यायचं नाही. भाचा म्हणतो, मामा उत्तर दिलं की कमेंटा बंद, कमेंटा बंद की रील मेली.

तर मी उत्तरं द्यायलोय, मरू दे रील.

आधी ते 4 लाख टन, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा हाय. लेण्याचा खड्डा साधारण 276 फूट लांब, 154 फूट रुंद आणि मागच्या कड्याला 107 फूट खोल. मोबाईलचं कॅल्क्युलेटर काढा, गुणा. साडेपंचेचाळीस लाख घनफूट. आपला काळा दगड घनफुटाला 80 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे झाले 3 लाख 64 हजार टन. आता गंमत बघा, हा हिशोब अख्खा चौकोनी डबा रिकामा केला तर! पण डबा रिकामा कुठंय, मधी मंदीर उभं हाय की राव, हत्ती हायेत, ध्वजस्तंभ हायेत, आणि डोंगर पुढं उतरत येतो म्हणजे दारापाशी खोली 107 फूट नाहीच. मी ढोबळ 2 लाख टन धरतो. 18 वर्षं, वर्षाचे कामाचे 300 दिवस, तर रोजचे 37 टन. 300 माणसं लावा, माणशी सव्वाशे किलोसुद्धा नाही, दीड घनफूट. तुमचे 4 लाखच धरले तरी तीन घनफुटांच्या आसपास. त्यातला बराच दगड चर मारून, पाचर ठोकून मोठ्या कपच्यांनी निघतो, अख्खा डोंगर कुणी छन्नीनं खरवडत बसत नसतंय. बारीक काम नंतर.

आणि हे 18 वर्षं आले कुठून? कुठल्याच शिलालेखात तसं लिहिलेलं नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द साधारण 756 ते 773, ती मोजली आणि तोच बांधकामाचा टाईम म्हणून चिकटवला. मधुकर ढवळीकरांसारख्या अभ्यासकांचं म्हणणं असं की मुख्य काम कृष्णाच्या काळातलं, बाजूचे काही भाग नंतरचे. म्हणजे एवढी घाई कुणाला नव्हतीच.

आमच्या आईच्या पाट्याला टाकी लावायला एक मावशी यायच्या. दारात बसायच्या, डाव्या हातात टाकी, उजव्यात हातोडी, टक टक टक, मधीच ठिणगी उडायची, डोळे बारीक करून फुंकर मारायच्या आणि चहा व्हायच्या आत गुळगुळीत झालेला पाटा परत खरखरीत. तोच काळा दगड. कैलासच्या ओवऱ्यांमधी ज्या भिंतींवर शेवटचा हात फिरलेला नाही तिथं मोबाईलची टॉर्च आडवी धरून बघा, तिरक्या रेघा दिसतात शेजारी शेजारी, टाकीच्या. लेझरच्या असत्या तर अशा वाकड्या-तिकड्या कशाला आल्या असत्या.

दगड कुठं गेला? फुटलेला दगड हाय, सोनं नाही की जपून ठेवलं असंल. बाराशे वर्षं झाली. आपल्याकडं गोदावरीतली वाळू एका रात्रीत जाते तिचापण पत्ता लागत नाही, तिथं कुणी एलियनचं नाव घेत नाही.

"बांधणाऱ्याचं नाव नाही" हे तर साफ खोटं. बडोद्याला सापडलेला राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा ताम्रपट हाय, 812-13 सालचा. त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्याच, डोंगरावर कृष्णराजानं केलेल्या देवळाचं वर्णन हाय. विमानातून जाणारे देव ते बघून थक्क झाले, म्हणाले हे तर स्वयंभूच असणार, आणि ज्यानं केलं तो शिल्पीपण म्हणाला की हे माझ्याकडून झालं तरी कसं. मला वाटतं रीलवाल्यांना यातला "विमान" तेवढा सापडला. ही राजाची स्तुती हाय बाबा, कविता हाय, आणि द्राविड शैलीत गाभाऱ्यावरच्या शिखरालासुद्धा विमानच म्हणतात. शेजारच्या 15 नंबरच्या लेण्यात कृष्णाच्या आधीच्या दंतिदुर्गाचा लेखपण हाय.

आणि हे एकदम आकाशातून पडल्यासारखं सांगायलेत ना, तर कन्नड तालुक्याकडं पितळखोऱ्याची लेणी हायेत, इसवी सनाच्या आधीची. अजिंठा हाय. वेरूळलाच 34 लेणी, त्यातली बरीच कैलासच्या आधीची. डोंगर वरून खाली कोरत आणायचा, म्हणजे परांची बांधायची कटकट नाही, हे इथल्या माणसाला आठ-नऊशे वर्षांच्या सवयीनं कळलेलं होतं. मंदिराचा नमुनापण तयार होता, कर्नाटकातल्या पट्टदकलचं विरुपाक्ष मंदिर, कैलासच्या थोडंच आधीचं, जाऊन दोन्हींचे फोटो शेजारी ठेवा.

औरंगजेबाचं. तो गाडलाय खुलताबादला, लेण्यापासून पाच-सहा किलोमीटरवर. त्याच्याच कारकिर्दीचा फारसी इतिहास हाय, मआसिर-ए-आलमगिरी, त्यात वेरूळबद्दल कौतुकच हाय, जादूचे हात असलेल्या लोकांनी डोंगरात घरं कोरली असा सूर. हजार माणसं आणि तीन वर्षं याला त्या काळातला पुरावा कुणी दाखवत नाही. मूर्ती फुटलेल्या हायेत हे खरं, अंगणातल्या हत्तींच्या सोंडा तुटलेल्या तुम्हीपण बघितल्या असतील. पण मग एक काहीतरी ठरवा, दगड माणसाच्या घणानं फुटतो का नाही? रीलमधी पहिल्या वीस सेकंदाला फुटतच नाही, आणि मागं दाखवायला फोटो तुटक्या सोंडेचा.

छतावरचं कमळ आणि चार सिंह आकाशातूनच दिसतात म्हणे. लेण्याच्या कडेनं डोंगरावर पायवाट जाते, चप्पल घालून जाता येतं, वरून सगळं दिसतं. कोरणारे सुरुवातीला तिथंच तर उभे होते.

खालचं शहर: ज्या भोकांना शहराची दारं म्हणतात ती पाणी जायची, उघड्या खड्ड्यात पावसाचं पाणी जायला वाट नको? नाहीतर प्रत्येक पावसाळ्यात कैलासची विहीर झाली असती. जिथं पडायची भीती तिथं जाळ्या हायेत, बास.

गूढच पाहिजे असंल तर आपल्या मराठीत पडलेलं हाय की. कृष्ण याज्ञवल्की या जुन्या कवीच्या कथाकल्पतरू ग्रंथात गोष्ट येते, राणी माणिकावतीनं नवस केला की देवळाचं शिखर दिसल्याशिवाय अन्न खाणार नाही, सगळे कारागीर म्हणाले वर्षं लागतील, तेव्हा पैठणचा कोकास पुढं आला आणि त्यानं शिखरापासूनच कोरायला सुरुवात केली, आठवड्यात शिखर दिसलं, राणी जेवली. इतिहास नाही, गोष्टच हाय, पण गोष्टीतसुद्धा कारागीर पैठणचा हाय.

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्यानं कोकासची रील केली, "थांबा" ठेवलंच सुरुवातीला, ते काय सुटत नाही त्याचं. जुन्या रीलच्या पासंगालापण पुरली नाही. पहिली कमेंट आली, दादा हा कोकास कोणत्या ग्रहावरचा होता, पार्ट टू टाका.