टेंपो भरला, बिल कुठाय?

सांगलीच्या मार्केट यार्डात सात क्विंटल हळद टेंपोत चढवायला दोन हमालांना फार तर वीस मिनिटं लागतात. त्याच हळदीचं ई-वे बिल, म्हणजे माल वाटेला लावण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, काढायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी अख्खी दुपार जाते. हमालांचं काम झालेलं दिसतं. माझं दिसत नाही, म्हणून ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी दारातून डोकावतो आणि "साहेब, झालं का?" असं विचारून पुन्हा चहाला जातो.

माझा हुद्दा दिवाणजी. जुन्या दिवाणजींच्या हातून चोपडीत चूक झाली, की ते आडवी रेघ मारून वर बारीक सही करायचे. ई-वे बिलाला रेघ मारता येत नाही. एकदा का बारा आकडी नंबर पडला, की आतला माल, रक्कम, पत्ता यातलं काही हलत नाही. चोवीस तासांच्या आत रद्द करायचं आणि नवं काढायचं. वाटेत अधिकाऱ्यानं ते तपासलेलं असेल, तर रद्दसुद्धा होत नाही.

मुळात वाद सुरू होतो तो बिल लागतं की नाही इथून. परराज्यात माल जाणार असेल तर मर्यादा ५०,००० रुपयांची, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाची. मालक तोंडी हिशेब करतात : चौदा हजार भाव, सात क्विंटल, अठ्ठ्याण्णव हजार. "लाखाच्या आत हाय. सोड गाडी." पण ही मर्यादा करासकट मोजायची असते. सुकलेल्या हळदीवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४,९०० रुपये; बेरीज १,०२,९००. बिलाशिवाय गाडी अडवली, तर कराच्या दुप्पट दंड, म्हणजे ९,८००, आणि तो भरेपर्यंत गाडी जागेवर. हे ऐकून मालक "मग एक पोतं उतरव" म्हणतात. गिऱ्हाइकाला मात्र सातच क्विंटल हवी असते.

मग लॉगिन. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर लहानमोठ्या सगळ्यांनाच पासवर्डनंतर ओटीपी लागतो. मुख्य लॉगिनचा ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर जातो, मोबाइल मालकांच्या खिशात आणि मालक सौद्याच्या गर्दीत. "अण्णा, ओटीपी!" म्हणून हाक मारावी, तर तिकडून आकडे येतात खरे, पण ते ओटीपीचे की हळदीच्या भावाचे, हे कळेपर्यंत मुदत संपलेली असते. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. मालकांच्या लॉगिनमधून युजर मॅनेजमेंटमध्ये जाऊन दिवाणजीच्या नावानं सब-युजर काढायचा आणि त्याला दिवाणजीचाच मोबाइल जोडायचा, की ओटीपी टेबलावर येतो. पण "माझ्याशिवाय बिल निघायला लागलं तर मी कशाला?" हा प्रश्न मालकांना पडतो, आणि सब-युजर दिवाळीनंतर काढायचं ठरतं. कुठली दिवाळी ते ठरत नाही.

फॉर्ममध्ये प्रत्येक चौकोन वेगळ्या स्वभावाचा आहे. हळदीचा एचएसएन, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कोड, ०९१० नं सुरू होतो. यादी एक्सेलमध्ये ठेवली असेल, तर एक्सेल पुढचं शून्य मुकाट्यानं खातं आणि ९१० उरतं. तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून ठेवावा, शून्य वाचतं. घेणाऱ्याकडे जीएसटी नंबर नसेल, तर त्या जागी यूआरपी, म्हणजे 'नोंदणी नसलेला', लिहायचं. 'नाही', 'निरंक' किंवा आडवी रेघ चालत नाही. वजनाचं एकक तर फारच साधं दिसतं. ७०० लिहून किलोऐवजी चुकून क्विंटल निवडलं, की सत्तर टन हळद छोट्या टेंपोतून पुण्याला निघते. पोर्टलला त्यात काही वावगं वाटत नाही. वाटेतल्या अधिकाऱ्याला वाटतं.

पिनकोडचा घोळ याहून गोड. सांगलीचा पिन ४१६४१६, पाढ्यासारखा तोंडात बसलेला. बोटं तोच पाढा दोन्हीकडे म्हणतात. दोन्ही पिन सारखे झाले, की अंतर जास्तीत जास्त १०० किलोमीटर टाकता येतं आणि बिलाला एकच दिवस मिळतो. माल पुण्याला मार्केट यार्डात, ४११०३७ ला जायचा असेल, तर अंतर दोनशेच्या वर, म्हणजे हक्काचे दोन दिवस. गिऱ्हाइकाचं नाव निवडलं की पत्ता आपोआप येतो, पण तो नोंदणीचा पत्ता असतो. गोदाम दुसरीकडे असेल, तर तिथला पिन हातानंच घालायचा. पोर्टलनं काढलेलं अंतर दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येतं. त्याहून जास्त फिरून जायचं असेल, तर ते ड्रायव्हरनं आणि देवानं बघावं.

दिवस कसे मोजतात, हे यार्डात निम्म्या लोकांना ठाऊक नाही. दर २०० किलोमीटरला एक दिवस, आणि पहिला दिवस संपतो तो बिल काढल्याच्या दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री. तेव्हा रात्री ११.५५ ला गाडी भरून झाली, तर दहा मिनिटं थांबून १२.०५ ला गाडीचा नंबर घालावा. जवळजवळ पुरा एक दिवस पदरात पडतो. मुदत वाढवायची खिडकी संपण्याआधी आठ तास आणि नंतर आठ तास उघडी असते, म्हणजे दुपारी ४ ते सकाळी ८. त्या वेळेत ड्रायव्हरचा फोन हमखास बंद असतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या त्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं राहायची. तिच्या कागदाला आता मध्यरात्र गाठणं अवघड.

आणि मग भाग-ब, गाडीचा नंबर. तो नसेल तर भाग-अ, म्हणजे आधी भरलेला मालाचा तपशील, ही नुसती चिठ्ठी. (यार्डातून ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत, पन्नास किलोमीटरच्या आत, तेवढ्यावर चालतं.) हा नंबर फोनवरून येतो आणि इथे मराठी आकडे दावा साधतात. सत्त्याऐंशी आणि सत्त्याण्णव, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, मागून हॉर्न वाजत असताना ज्यानं एकदाच ऐकून बरोबर लिहिले, त्याला मी गुरू मानीन. अक्षरांचंही तेच. "डी का बी?" म्हणावं तर "डी, डबड्यातला" असं उत्तर येतं, आणि पुढे "डबडं न्हवं, बी बैलातला" अशी दुरुस्ती. नंबरात एक-दोन आकडे किंवा अक्षरं चुकली, तर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे एक हजारावर सुटका होते. तीन चुकली की सुटकेची ती वाट बंद. पोर्टल नंबर 'वाहन' या गाड्यांच्या सरकारी नोंदीशी ताडून बघतं, त्यामुळे नसलेल्या गाडीचा नंबर टाकला तर इशारा येतो. चुकून दुसऱ्या कुणाच्या खऱ्या गाडीचा पडला, तर पोर्टल खूश असतं आणि आपली हळद कागदावर भलत्याच ट्रॅक्टरमधून जात असते.

म्हणून मी ड्रायव्हरला पाटीचा फोटोच पाठवायला सांगतो. फोटो येतो. त्यात टेंपोच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' स्वच्छ दिसतं, पाटीवर चिखल असतो.

एकदाची गाडी सुटते. पेठ नाक्याच्या अलीकडे टायर बसतो, माल दुसऱ्या गाडीत भरावा लागतो. गाडी बदलली म्हणजे भाग-ब नव्यानं, म्हणजे लॉगिन, म्हणजे ओटीपी, म्हणजे अण्णा. अण्णा एव्हाना जेवून आडवे झालेले असतात. त्यांना उठवून आकडे मिळवतो आणि ड्रायव्हरला फोन लावतो.

"नवीन गाडीचा नंबर सांगा मामा."

"घ्या. एम एच धा, डी..."

"डबड्यातला?"

"आता काय इचारू नका सायेब, हितं पाऊस लागलाय."