लाल ओळ, परवानगीची खिडकी आणि विंगेट: आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

आमच्या अपडेट-साधनाला एक तारा देताना आपण तीन तक्रारी नोंदवल्या आहेत: व्यवस्थित चालणारे विनरार (झिपसारख्या आवळलेल्या फाइली उघडणारा प्रोग्राम) ते सतत ‘जुने’ म्हणून लाल रंगात दाखवते, जवळजवळ प्रत्येक अपडेटच्या वेळी परवानगीची खिडकी पुढे करते, आणि विंडोजमधले विंगेट (कमांड लिहून प्रोग्राम अद्ययावत करण्याचे साधन) हेच काम फुकट करत असताना आम्ही पैसे घेतो.

आपला रोख मुख्यतः विनरारवर आहे, म्हणून आधी तेच घेतो. एखादा प्रोग्राम कुरकुर न करता चालतो म्हणून तो सुरक्षित ठरत नाही, आणि विनरार तर स्वतःला आपोआप अद्ययावत करतच नाही. त्याच्या ६.२३ पूर्वीच्या आवृत्त्यांत असा दोष होता की झिप फाइलमधल्या साध्या दिसणाऱ्या चित्रावर डबल-क्लिक केले, तरी त्याच नावाच्या फोल्डरमध्ये दडवलेली स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल) चालू होई. दुरुस्ती २०२३ च्या ऑगस्टमध्ये आली. हल्लेखोर मात्र एप्रिलपासूनच या दोषाचा फायदा घेत होते. आपण जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ६.११ ही आवृत्ती स्पष्ट दिसते, त्यामुळे त्या ओळीचा लाल रंग आम्ही बदलणार नाही.

‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसवलेल्या सॉफ्टवेअरला हात लावायचा तर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात, आणि ती परवानगी विंडोज मागते, आम्ही नव्हे. पूर्ण अधिकार असलेली सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, कायम चालू ठेवून ही कटकट टाळता येते, आणि आम्हालाही ते सोपे गेले असते. परंतु इंटरनेटवरून फाइल उतरवून ती परस्पर चालवणारी अशी सर्व्हिस हल्लेखोराच्या हाती लागली, तर त्याला पुढे फारसे काही करावेच लागत नाही. २०१७ मध्ये संगणक साफ करणाऱ्या सीक्लीनर या प्रोग्रामची ५.३३ ही घातक कोड शिरलेली आवृत्ती निर्मात्याच्याच सर्व्हरवरून, त्याच्याच वैध डिजिटल स्वाक्षरीसह (फाइल खरोखर निर्मात्याची आहे हे दाखवणाऱ्या खुणेसह), जवळपास महिनाभर लोकांच्या संगणकांत जात होती. स्वाक्षरी आम्हीही तपासतो, पण अशा वेळी ती पुरत नाही (आणि खरे सांगायचे तर परवानगीची खिडकीही पुरली नसती). आमचे साधन आपल्या नकळत ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये काही बसवणार नाही, एवढे मात्र त्या खिडकीमुळे साधते.

विंगेट चांगलेच आहे, आणि कमांड लिहिण्याची सवय असेल तर आपण खुशाल तेच वापरावे. फक्त, बसवलेली आवृत्ती ओळखता आली नाही तर ते तो प्रोग्राम, वेगळे सांगितल्याशिवाय, वगळते. आमचे साधन असे प्रोग्राम यादीत वेगळे दाखवते. शिवाय ज्यांच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीला नवा परवाना विकत घ्यावा लागतो, असे प्रोग्राम आमचे साधन आपोआप पुढे नेत नाही, नाहीतर काल चालणारा प्रोग्राम आज चाचणी-प्रत होऊन बसतो. आमचे पैसे या निवडीच्या कामाचे आहेत.

एवढे असूनही विनरार जुनेच ठेवायचे असल्यास त्या ओळीवर राइट-क्लिक करून ‘ही आवृत्ती वगळा’ निवडावे. पुढची आवृत्ती येईपर्यंत ती ओळ दिसणार नाही.