खुर्ची न सोडता चाक कसं सांभाळावं

अभिनंदन! रेल्वेच्या कंट्रोलमधली, म्हणजे गाड्यांवर फोनवरून लक्ष ठेवणाऱ्या कचेरीतली, कॅरेजची (डब्यांच्या देखभालीची) खुर्ची मिळाली म्हणजे निम्मी नोकरी सुखात गेली समजा. आता डब्याखाली वाकायचं नाही, ग्रीसनं पँट काळी करायची नाही, एप्रिलच्या उन्हात खडीवरून चालायचं नाही. बाहेर सोलापूर ४३ अंशांवर भाजतंय आणि आत एसी २२ वर आहे. शेजारी सेक्शन कंट्रोलर, पलीकडे ट्रॅक्शनवाला, मागे डेप्युटी आणि समोर स्क्रीनवर गाड्यांच्या तिरप्या रेघा. त्यातली एखादी रेघ मध्येच आडवी पडली, म्हणजे गाडी उभी राहिली, की तुमचं काम सुरू.

काम एकच आहे. फोन उचलायचा आणि विचारायचं, "किती वेळ लागेल?"

हा प्रश्न विचारायचीही वेळ असते. माणूस बिघडलेल्या डब्यापाशी पोचायच्या आत तो विचारून टाका. पोचल्यावर विचारलात तर तो खरं उत्तर देण्याची भीती असते. हिशेब सोपा आहे. एलएचबी डबा, म्हणजे हल्लीचा नव्या बनावटीचा, साधारण २४ मीटरचा. २२ डब्यांची गाडी इंजिन धरून साडेपाचशे मीटर होते. बिघाड इंजिनापासून सोळाव्या डब्यात असेल तर ड्रायव्हरच्या असिस्टंटला पुढून जवळजवळ चारशे मीटर चालावं लागतं आणि गार्डला मागून दीडशे. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं, पण गाडी रानात उभी राहिली की तो पुन्हा गार्डच होतो.) खडी पायाखाली सरकते, एका बाजूला भराव उतरलेला असतो, हातात पाना आणि बॅटरी. तेवढ्यात तुम्ही तीन फोन करा. प्रत्येक फोनला तो थांबेल, घाम पुसेल आणि "चाललोय साहेब" म्हणेल. यात गेलेली दोन मिनिटं पुढे "स्टाफ उशिरा पोचला" या सदरात बसवता येतात.

आता ब्रेक बाइंडिंगचं, म्हणजे लागलेला ब्रेक न सुटण्याचं, बघू, कारण तुमच्या फोनांतले बरेचसे त्याचेच असणार. माढा आणि कुर्डुवाडीच्या मध्ये गेटमन ओरडतो, सातव्या डब्याखालून धूर येतोय, जळका वास येतोय. गाडी थांबते. खाली उतरलेल्या माणसाला काय करायचं ते ठाऊक असतं. डब्याच्या बाजूला ब्रेकचा निर्देशक असतो. हिरवा दिसला तर ब्रेक सुटलाय, लाल दिसला तर धरलाय. लाल असेल तर आधी कुणी साखळी ओढली आहे का ते बघायचं आणि ओढली असेल तर ती जागेवर आणायची. मग डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्हचा (डब्याचा ब्रेक लावणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेचा) रिलीज ओढायचा. तरी सुटला नाही तर त्या बोगीचा (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचा) आयसोलेटिंग कॉक, म्हणजे हवा तोडणारी तोटी, बंद करायचा. सिलिंडरमधली हवा सूं करून निघून जाते आणि निर्देशक हिरवा होतो. पण काम इथं संपत नाही. निर्देशक हिरवा झाला तरी कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा) अडकून पॅड अॅक्सलवरच्या ब्रेकच्या डिस्कला चिकटलेला असू शकतो, म्हणून तो हातानं हलवून बघायचा. मग चाकाचा पूर्ण घेर बघायचा, आणि त्यासाठी गाडी थोडी पुढं घ्यावी लागते, कारण चाकाचा जो भाग रुळावर टेकलाय तोच नेमका दिसत नाही. शेवटी कुठली बोगी बंद केली ते ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर लिहायचं आणि ड्रायव्हरला सांगायचं.

नीट केलं तर याला पंधरा-वीस मिनिटं जातात. तुम्हाला एवढी परवडणार नाहीत, मागं सिद्धेश्वर अडकली आहे. तेव्हा हे रामबाण वाक्य पाठ करा: "निर्देशक हिरवा आहे ना? मग काढा पुढं, कुर्डुवाडीत बघू."

कुर्डुवाडीत काय दिसतं तेही सांगून ठेवतो, म्हणजे दचकायला नको. पॅड न सुटता गाडी ओढली की आधी डिस्क तापते. पकड आणखी घट्ट असेल तर चाक फिरायचं थांबतं आणि रुळावरून घसरत जातं. घसरलं की घासतं आणि तिथं सपाट चट्टा पडतो. प्रवासी डब्याला ५० मिलिमीटरपर्यंतचा चट्टा चालतो, त्यापुढं नाही. नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर, म्हणजे घेर पावणेतीन मीटरच्या थोडा वर. ताशी ११० किलोमीटरनं जाताना हे चाक सेकंदाला दहा वेळा आणि वर थोडं फिरतं. म्हणजे तो चट्टा सेकंदाला दहा वेळा रुळावर हातोडा घालतो. त्याचा त्रास आधी बेअरिंगला, मग रुळाला, मग झोपलेल्या प्रवाशाला. आणि तुमच्या रजिस्टरात मात्र माढ्याला फक्त सहा मिनिटं गेलेली दिसतात. नोंद किती देखणी!

यानंतरची विद्या मिनिटांची. डबा कुणीही दुरुस्त करील, पण मिनिटं दुसऱ्याच्या खात्यावर घालायला मुरलेला माणूस लागतो. साखळी ओढली गेली असेल तर उत्तम, तो प्रवाशांचा दोष. नसेल तर इंजिनकडे वळा. इथं तुम्हाला खरोखरीचा एक मुद्दा सापडतो, म्हणून तो नीट समजून घ्या. ब्रेक पाइप म्हणजे इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत जाणारी हवेची नळी; तिच्यातला दाब उतरला की ब्रेक लागतात. तिच्यात (चौरस सेंटिमीटरला) ५ किलो दाब हवा. समजा आधीच्या इंजिनानं तो ५.४ पर्यंत भरला. प्रत्येक डब्याच्या व्हॉल्व्हला जोडलेली कंट्रोल रिझर्व्हॉयर (हवेची टाकी) तो ५.४ धरून बसते. वाटेत इंजिन बदललं, नव्यानं बरोबर ५ दिले. व्हॉल्व्हच्या दृष्टीनं दाब उतरला, म्हणजे ड्रायव्हरनं ब्रेक लावला. ब्रेक काही सुटत नाहीत. उपाय एकच: पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत चालत जाऊन प्रत्येकाचा रिलीज हातानं ओढायचा, म्हणजे रिझर्व्हॉयर रिकामी होऊन नव्यानं ५ वर भरते. अर्धा तास कुठंच गेला नाही. यात चूक गेजची असते किंवा फीड व्हॉल्व्हची. दोन्ही वस्तू इंजिनात असतात, तुमच्या डब्यात नाहीत, एवढंच जॉइंट नोटवर (दोन्ही खात्यांनी मिळून सही करायच्या कागदावर) ठणकावून लिहा. इंजिनवाला सही करणार नाही. मग त्याची सही नसलेली जॉइंट नोटच फाइलला लावा, तीही जाड दिसते.

१० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूरला वंदे भारत आली आणि या कलेची जरा पंचाईत झाली. तिला वेगळं इंजिनच नाही, मोटरी डब्यांखाली. दोष ढकलायला पलीकडे कुणी उभाच नाही.

पिट लाइनकडे, म्हणजे डबे खालून तपासायला खड्डा असलेल्या लाइनीकडे, वळू. प्रायमरी मेंटेनन्सला पिटवर सहा तास, असं कागद म्हणतो. गाडी दोन तास उशिरा आली तरी सुटायची वेळ पुढं सरकत नाही, कारण ती वेळापत्रकात छापलेली आहे आणि तुमचे सहा तास छापलेले नाहीत. उरलेल्या चारांतून शंटिंग, रेक (जोडलेल्या डब्यांची अख्खी रांग) पिटवर लावणं, काम सुरू असल्याचे बोर्ड, आणि शेवटी रेक बाहेर काढून फलाटावर नेणं वजा करा. त्यातच धुलाई, पाणी, बेडरोल, तुटलेला नळ, न चालणारा पंखा. प्रवाशाला दिसणाऱ्या गोष्टी आधी करायला सांगा. नळ तुटला तर तक्रार दहा मिनिटांत मोबाइलवर येते. पॅड झिजल्याची तक्रार कुणा प्रवाशानं कधी केली आहे?

पॅडचं गणितही ऐकून ठेवा. एलएचबीच्या एका डब्याला चार अॅक्सल, प्रत्येकावर दोन डिस्क, म्हणजे आठ. वीस डब्यांच्या १६० डिस्क, आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना पॅड. नवा पॅड ३५ मिलिमीटर जाडीचा, ७ वर आला की बाद. एका डिस्कला एक मिनिट दिलं, म्हणजे वाकायचं, बॅटरी मारायची, गेज लावायचा, डिस्कवर भेगा आहेत का बघायचं, तरी एका माणसाचे दोन तास चाळीस मिनिटं होतात. वेळ वाचवायचा तर गेज खिशात ठेवून नजरेनं बघायला सांगा. रात्री दोन वाजता, ओल्या पिटमध्ये, काळ्या धुळीत ९ आणि ६ सारखेच दिसतात, आणि दोन्ही "ओके" या एकाच शब्दात मावतात.

पॅड बदलायचेच ठरले तर स्टोअरमध्ये ते असतात किंवा नसतात. नसले की शेजारच्या सिक लाइनीत (नादुरुस्त डब्यांच्या लाइनीत) उभ्या डब्याचे काढून लावायचे. व्हॉल्व्हचं तेच, होज पाइपचं तेच. त्या उभ्या डब्याचं मात्र हळूहळू गावाबाहेरच्या पडक्या वाड्यासारखं होत जातं. येणारा-जाणारा एकेक वासा काढून नेतो, आणि महिनाअखेर तुम्हालाच विचारतात की हा डबा अजून फिट कसा नाही.

गळतीची चाचणी हा तुमचा आवडता भाग होईल, कारण ती फोनवरून करता येते. रेक ५ वर भरायचा, पुरवठा तोडायचा, आणि गेजकडे बघत उभं राहायचं. मिनिटाला ०.२ किलोपेक्षा जास्त उतरता कामा नये. फीड पाइप, म्हणजे ब्रेक पाइपच्या जोडीची दुसरी हवेची नळी, ६ वर भरून तिचीही तशीच चाचणी. शेवटच्या डब्यात ४.८ आणि ५.८ मिळाले पाहिजेत. गळती सापडली तर कान लावून, साबणाचं पाणी मारून जागा शोधायची. बहुतेक वेळा दोन डब्यांच्या मधल्या कपलिंगचं रबर वॉशर निघतं, आठ-दहा रुपयांचा ऐवज असल्यासारखं दिसणारं. या साऱ्यात एक मिनिट म्हणजे साठ सेकंद, ही अट फार जाचक आहे. वीस सेकंदांत ०.१ उतरला तर तो आकडा तसाच कळवा. ०.१ हा ०.२ पेक्षा कमीच असतो, हे प्राथमिक शाळेतही शिकवतात.

मालगाडीत तुम्हाला फारसं पडायचं कारण नाही, ती बोलत नाही. होटगीकडे कोळशाचा रेक रिकामा झाला की तेवढं एक लक्षात असू द्या. जुन्या बॉक्सएन वाघिणीला (वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा) एम्प्टी-लोडचा, म्हणजे रिकामी की भरलेली ते ब्रेकला सांगणारा, हँडल असतो. रिकामी वाघीण साडेबावीस टनांची, भरलेली ऐंशीच्या वर. हँडल "भरलेली"वर राहिला आणि वाघीण रिकामी असेल तर ऐंशी टनांसाठी बेतलेला ब्रेक साडेबावीस टनांवर बसतो आणि चाकं घसरतात. उलट झालं तर गाडी थांबायचं नाव घेत नाही. ५८ वाघिणींचे ५८ हँडल फिरवत सहाशे मीटर चालायला माणसं लागतात, वेळ लागतो आणि रिकाम्या रेकची तर खाणीवर वाट बघतायत. तेव्हा विचारा, "हँडल फिरवले ना?" उत्तर "हो" येईल. रात्री अकराला या प्रश्नाला दुसरं उत्तर आल्याचं कुणाला आठवत नाही. काही रेकला हा हँडल नसतो, वजन बघून ब्रेक आपोआप बदलतो. त्यांच्याबद्दलही विचारा, तिथूनही "हो" येईल.

हॉट अॅक्सलचं, म्हणजे चाकाचं बेअरिंग तापण्याचं, प्रकरण मात्र जरा नाजूक आहे. गाडी यार्डात येताना दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसून चाकं बघतो, शिट्टीसारखा आवाज ऐकतो, जळक्या ग्रीसचा वास घेतो. गाडी थांबली की टेम्परेचर गन लावायची. सोलापूरच्या मे महिन्यात इथं मोठी गंमत होते. उन्हाच्या बाजूची प्रत्येक अॅक्सल बॉक्स (बेअरिंगची पेटी) नुसती उभी असली तरी तापलेली असते. म्हणून उन्हाची सावलीशी तुलना करायची नसते. एकाच बाजूच्या शेजारच्या बॉक्स एकमेकींशी ताडून बघायच्या. सगळ्या सारख्या तापल्या असतील तर ते सूर्याचं काम, एकटीच वेगळी तापली असेल तर ते बेअरिंगचं. तुम्ही फोनवर फक्त आकडा मागा. आकडा चढा आला तर "ऊन आहे हो" म्हणायचं, आणि डिसेंबरात चढा आला तर "गन खराब आहे".

वाघीण काढून ठेवायचा निर्णय झालाच तर ती छोट्या स्टेशनाच्या लूप लाइनवर (मुख्य लाइनीच्या बाजूच्या लाइनवर) ठेवावी लागते. तो स्टेशन मास्तर पुढचे चार दिवस तुम्हाला रोज फोन करील, कारण त्याची एक लाइन अडली. त्याच्याशी गोड बोला. शेंगाचटणी कुठली चांगली मिळते वगैरे विचारा.

आषाढीचं थोडक्यात. पंढरपूरच्या जादा गाड्यांना जे डबे मिळतील ते मिळतील. ७२ जणांच्या डब्यात दोनशे वारकरी चढले की स्प्रिंग दबतात, बोगी खाली बसते, कुठं काही घासायला लागतं. त्या दिवसांत ठिकठिकाणी जास्तीची माणसं उभी करा आणि त्यांना छत्र्या द्या. माउलीच्या कृपेनं गाड्या चालतात, हे वाक्य बाकी कुठल्याही महिन्यात अहवालात लिहिता येत नाही.

सकाळच्या कॉन्फरन्सला फोटो लागतात. चाकाचा फोटो मागताना कुठला भाग टिपायचा ते सांगू नका. पाठवणारा शहाणा असतो, चट्टा रुळाकडे आणि चकचकीत भाग वर करूनच पाठवतो. "चाक तपासले, ठीक आढळले" असं खाली लिहून ग्रुपवर टाका. अंगठे येतील.

राहता राहिली ड्यूटी बदलण्याची वेळ. आठला पाच कमी असताना चालू प्रकरणं मिटवायच्या भानगडीत पडू नका. समोर "निगराणीखाली" लिहा, हा शब्द दोन दिवस टिकतो. चार्ज घेणारा येईल, रजिस्टर चाळील आणि विचारील, "काल रात्री माढ्याला जो सातवा डबा धरला होता, त्याच्या चाकाचं काय झालं? गाडी तर परत निघाली की तिकडून." तोवर तुम्ही डबा पिशवीत घातलेला असेल, चपला पायात असतील. दारापर्यंत जा, मागं वळा, आणि आपुलकीनं सांगा, "बघा ना जरा फोन करून, किती वेळ लागेल ते."