खरं फुलपाखरू आहे म्हणे!

आज गंगापूर रोडला एका मैत्रिणीच्या वास्तुशांतीला जाऊन आले. घर देखणं, पुरणपोळी मऊसूत. पण हॉलमध्ये काचेचा घुमट, त्यात हिरवं रंगवलेलं शेवाळ, अपोफिलाइट या खनिजाचे खडे आणि त्यावर पंख पसरून टाचलेलं निळं मॉर्फो फुलपाखरू. येईल त्याला कौतुकाने सांगत होते, "खरं आहे बरं का!" खरं आहे म्हणूनच तर घास उतरेना.

खड्यांबद्दल तक्रार नाही. ते आपल्याच काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडतात, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघत राहावेत असे आहेत. पण फुलपाखरू?

लहानपणी पंचवटीत आमच्या कढीपत्त्यावर अळ्या यायच्या. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मग हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर! शेजारच्या काकू म्हणायच्या, औषध मारा. आई म्हणायची, "खाऊ दे गं, पानं परत फुटतील." घरात फोडणी कढीपत्त्याविना व्हायची.

अशी फुलपाखरं फार्मवर वाढवलेली असतात, त्यावर तिथल्या लोकांचं पोट चालतं. मान्य. अभ्यासासाठी संग्रहालयात ठेवतात, त्यालाही माझी ना नाही. पण सोफ्याला शोभतं म्हणून?

आणि ते पंख पसरलेलं ध्यानही खोटंच. जिवंत मॉर्फो बसलं की सहसा पंख मिटून घेतं, बाहेरून तपकिरी, डोळ्यांसारखे ठिपके. निळाई झळकते ती उडताना. फुलपाखरासोबत खनिजंच हवीत ना? फुलपाखरं ओल्या चिखलातून क्षार शोषतात, पावसाळ्यात अंजनेरी डोंगराच्या वाटेवर जाऊन बघा की! आपल्या राज्याने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, देशात पहिल्यांदा. त्याच्या अळ्या लिंबू-बेलाची पानं खातात. पण लिंबाची कुंडी ठेवायला बाल्कनीत जागा नसते आपल्याकडे, घुमटाला मात्र खास टेबल येतं! संताप होतो नुसता.

आईच्या त्या कढीपत्त्यावर कोष फुटला की ओले, चुरगळलेले पंख हळूहळू ताठ व्हायचे. आई आम्हाला हात लावू द्यायची नाही. ते उडून जाईपर्यंत त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा फिरायचा नाही.

मैत्रिणीवर राग नाही म्हणा. हौसेनं घेतलंय तिनं, आणि तिच्या घरी असं काही उमलताना कुणी दाखवलंच नसेल. तिला कढीपत्त्याचं रोप देणार आहे. अट एकच, अळी दिसली की औषध मारायचं नाही, आधी मला फोन करायचा. तुमच्यापैकी कुणाला हवं असेल तर खाली लिहा, आमच्या झाडाच्या बुडाशी पिल्लं भरपूर फुटलीत.